तुळशीच्या फाटकापर्यंत

बोरिवलीत संजय गांधी राष्ट्रीय उद्यान असं पूर्ण नाव कुणी घेत नाही. आम्ही नुसतं ‘पार्क’ म्हणतो. “पार्कात जाऊन येते” असं सांगून घराबाहेर पडलं की बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं, बाई कोपऱ्यावरच्या बागेत चार फेऱ्या मारायला निघाल्या. प्रत्यक्षात ते शंभर चौरस किलोमीटरांहून मोठं रान आहे. एका अंगाला बोरिवली, कांदिवली, गोरेगाव, दुसऱ्या अंगाला मुलुंड, भांडुप आणि वर ठाणं. मध्ये बिबटे, चितळं, दोन तलाव आणि दोन हजार वर्षं जुनी लेणी. बोरिवलीच्या फाटकापासून त्या लेण्यांपर्यंत सहा-सात किलोमीटरांची डांबरी सडक जाते. त्या सडकेवर मी बावीस वर्षं सायकल चालवते आहे.

मंगळवार माझ्या आवडीचा. सोमवारी पार्क बंद असतो, त्यामुळे मंगळवारी सकाळी रानाने एक दिवस विश्रांती घेतलेली असते. सडकेवर पानं पडलेली असतात आणि ती अजून कुणी तुडवलेली नसतात.

२०२४ च्या पितृपक्षातल्या अशाच एका मंगळवारी भाचीला घेऊन निघाले. ती मुलुंडची, वनस्पतिशास्त्र शिकते. पार्काच्या पूर्वेच्या कुंपणाशेजारी लहानाची मोठी झाली, पण पश्चिमेच्या फाटकातून कधी आत गेली नव्हती. कारवी बघायची म्हणून आदल्या रात्री मुक्कामाला आली. तिला मुलाची जुनी गिअरची सायकल दिली. माझी साधी, बिनगिअरची, पुढे टोपली असलेली. टोपलीत पाण्याच्या दोन बाटल्या, थालीपीठं, पंक्चरचं सामान, छोटा पंप आणि प्लास्टिकची एक पिशवी. पिशवी आपलाच कचरा परत आणायला.

पार्काचं फाटक पश्चिम द्रुतगती महामार्गाला अगदी लागून आहे. सकाळी सहालाही तिथे ट्रक, बस आणि रिक्षांचा एकच गोंगाट असतो. फाटकातून आत शिरलं की पहिल्या वळणापर्यंत तो पाठीशी येतो. मग झाडं दाटतात आणि तो मागे पडतो. तिथे भाची म्हणाली, “मावशी, तुझ्या चेनला तेल हवंय.”

खरंच कुरकुरत होती. आठवडाभर ती तशीच कुरकुरत असणार, पण बाजाराला जाता-येता मला ती एकदाही ऐकू आली नव्हती. महामार्गावर आपली सायकलच आपल्याला ऐकू येत नाही. आत आलं की टायर ओल्या डांबराला चिकटून सुटतो तो बारीक चरचराट ऐकू येतो, पायडल मारणं थांबवलं की मागच्या चाकाची टिकटिक ऐकू येते, आपला श्वास ऐकू येतो. त्यापलीकडे सातभाईंचं भांडण, लांबवर एखादा तांबट, आणि पावसाळ्याच्या अखेरीला झाडाझाडांतून एका सुरात चाललेली किड्यांची किर्र. माझ्या मते चारचाकीत बसून जो पार्क पाहतो त्याला पार्क अर्धाच दिसतो, कारण त्याला तो ऐकूच येत नाही.

सुरुवातीचा भाग गजबजलेला असतो. सकाळी चालायला येणारे आजोबा, हसण्याचा व्यायाम करणारी मंडळी, गांधी टेकडीकडे निघालेल्या मैत्रिणी. वनराणी या छोट्या आगगाडीचे रूळही इथेच. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने त्यांची मोडतोड केली आणि गाडी बंद पडली. माझा मुलगा त्या गाडीच्या पहिल्या डब्यासाठी हट्ट करायचा. भाचीला ती जागा दाखवली आणि पुढे झालो. पुढे चालणारे विरळ होतात, सडक चढू लागते, आणि मग रानाच्या सोबतीला फक्त आपण.

दहिसर नदी सडकेच्या कडेकडेने भेटत राहते. तिचा उगम वर तुळशी तलावाच्या बाजूचा. त्या दिवशी एका छोट्या पुलापाशी आम्ही सायकली उभ्या केल्या. पाणी गुडघाभर, पण तळ लख्ख दिसत होता. काळे गोल दगड, त्यांच्यावर हिरवं शेवाळ, दगडाच्या आडोशाला एक खेकडा. बोटभर लांबीचे मासे प्रवाहाकडे तोंड करून जागच्या जागी तरंगत होते. वरच्या फांदीवर खंड्या बसला होता. आम्ही पाच मिनिटं गप्प उभ्या राहिलो. तो दोनदा सूर मारून आला आणि दुसऱ्यांदा चोचीत मासा घेऊन आला.

हीच नदी महामार्ग ओलांडून बोरिवलीच्या वस्तीत शिरते तेव्हा तिचा नाला झालेला असतो. दौलतनगरच्या पुलावरून जाताना माणसं नाकाला रुमाल लावतात. दोन ठिकाणांमधलं अंतर सायकलने जेमतेम पंधरा-वीस मिनिटांचं. वर रानाने दिलेलं स्वच्छ पाणी आपण अर्ध्या तासाच्या आत नासवतो. भाची म्हणाली, “मी लहानपणापासून त्याला नालाच समजत होते.” तिच्या पिढीतल्या बहुतेकांचा हाच समज आहे. त्यांना दूषण देण्यात अर्थ नाही. त्यांना कुणी उगमाकडे नेलेलं नाही.

पुढे एका वळणावर मी ब्रेक दाबला. रस्त्याच्या कडेला दोन झाडांच्या मध्ये जाळं ताणलेलं होतं, खाटेएवढं तरी. मध्ये कोळ्याची मादी बसलेली, काळी-पिवळी, पाय पसरले तर माझ्या तळहाताएवढी. आश्विनाच्या तोंडावर पार्कात हे मोठे कोळी जागोजागी दिसतात. कोवळं ऊन त्या जाळ्यावर आडवं पडलं तेव्हा धागे सोनेरी दिसले. उन्हाने तसे भासतात असं मला इतकी वर्षं वाटत होतं. भाचीने सांगितलं, “नाही मावशी, या कोळ्याचा धागाच पिवळा असतो.” मग एक तुटका तंतू तिने काडीवर गुंडाळून सावलीत धरला. खरोखर हळदीच्या पाण्यात बुडवल्यासारखा होता.

कान्हेरीच्या लेण्यांकडे जाताना एक वाट तुळशी तलावाकडे फुटते. तिथे फाटक आहे आणि पलीकडे विनापरवानगी जाता येत नाही. या फाटकापाशी मी नेहमी थांबते. पहिल्या काही वर्षांत मला त्याचा राग यायचा. तलाव आपल्या गावचा, पाणी आपण पितो, मग आपल्यालाच का बंदी? आत एक फेरी मारायला मिळाली असती तर किती बरं झालं असतं, असं वाटायचं. तो राग कसा निवळला हे सांगण्यासाठी थोडं मागे जावं लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मुंबई वाढत होती आणि विहिरी, तळी पुरेनाशी झाली होती. तेव्हा हेन्री कॉनिबेअर या इंजिनिअरच्या योजनेप्रमाणे मिठी नदीच्या उगमाकडे, विहारच्या खोऱ्यात मातीचे बांध घालून तलाव केला. १८५६ साली काम सुरू झालं, १८६० साली पुरं झालं, आणि मुंबईला पहिल्यांदा नळाने पाणी मिळालं. तेही पुरेना, म्हणून त्याच्या वरच्या अंगाला तुळशी बांधला, तो १८७९ साली पुरा झाला. मग १८९१ साली पवई आणि १८९२ साली लांब शहापूरकडचा तानसा. तलावाचं पाणी स्वच्छ राहायचं तर त्याच्या पाणलोटात वस्ती, गोठे, शेती चालणार नाही, हे तेव्हाच ठरलं. म्हणून विहार आणि तुळशीभोवतीचे डोंगर मोकळे ठेवले गेले. राष्ट्रीय उद्यान हा शब्द इथे कुणाच्या तोंडी यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

म्हणजे हे रान टिकलं ते पाण्याच्या गरजेने. पुढे त्याला कायद्याचं कुंपण मिळालं ही चांगलीच गोष्ट झाली, पण आधी पाण्याचा पहारा होता. ज्या जागेला दीडशे वर्षं फाटक होतं ती जागा राहिली. ज्या टेकड्यांना फाटक नव्हतं त्यांवर आज काय आहे ते घाटकोपर-असल्फ्याच्या चढांवर आणि मालाडच्या उतारांवर जाऊन बघावं. हे ध्यानात आल्यापासून तुळशीच्या त्या बंद फाटकापाशी मी सायकल टेकवते, दोन घोट पाणी पिते आणि पुढे जाते. बाटलीतलं पाणी भातसाचं असेल नाहीतर वैतरणेचं. विहार आणि तुळशी मिळून आता मुंबईला दिवसाला दहा कोटी लिटरांच्या आसपास पाणी देतात आणि शहराला रोज लागतं त्याच्या मानाने ते फार थोडं आहे. पण पालिकेच्या तलावांमध्ये मुंबईच्या हद्दीत असलेले आणि पिण्याचं पाणी देणारे एवढे दोनच. २०२४ च्या जुलैत दोन्ही भरून वाहिले तेव्हा आमच्या इमारतीत लोकांनी एकमेकांना थांबवून ती बातमी सांगितली होती.

फाटकापुढे सडक अंगावर येते. शेवटचा दीड-दोन किलोमीटर खडा चढ आणि वळणं. भाची गिअर बदलत पुढे गेली. मी उतरून सायकल हाताने ढकलत चढले, दरवेळी तशीच चढते. चालत गेलं की कडेच्या मातीच्या भिंतीवरचे नेचे, दगडफुलं आणि ओलसर खाचांतली चिमुकली फुलं दिसतात. आणि त्या दिवशी तर कडेकडेने भाचीच्या स्वागताला कारवी उभी होती.

कारवी म्हणजे पुरुषभर उंचीचं झुडूप. पानं खरखरीत, काड्या सरळ. सात वर्षं ती नुसती पानं धरते, पावसाळ्यात हिरवी होते, उन्हाळ्यात काड्या होऊन उभी राहते. आठव्या वर्षी सगळी एकदम फुलते. आमच्या पार्कात ती २०१६ साली फुलली होती, त्यानंतर २०२४ साली. बहर सरत आला होता, तरी उतारावर जांभळा रंग भरपूर उरला होता. भाचीने एक फूल न तोडता माझ्यासमोर वाकवून धरलं. घंटेसारखं, कडेला गर्द जांभळं, आत घशाशी फिकट. फुलांच्या बोंडावर चिकट लव, बोटाला लागली तर धुतल्याशिवाय जात नाही, आणि तिचा वास कडवट-गोड. मधमाश्या इतक्या की झुडुपाला कान लावावा न लागता गुणगुण ऐकू येत होती. “फुलून झालं की ही सगळी झाडं मरणार,” भाची म्हणाली. “बी बोंडात राहणार. पुढच्या वर्षी पहिला पाऊस पडला की बोंड तडकून उडणार.” पाठ्यपुस्तकातलं ती सांगत होती, पण फुलाला धरलेला हात काढवत नव्हता तिच्याने.

वर लेण्यांच्या पायथ्याशी पाड्यावरच्या बायका काकड्या, पेरू, आवळे घेऊन बसतात. पार्काच्या हद्दीत नवापाडा, चुनापाडा असे वारल्यांचे जुने पाडे आहेत. बस अजून सुरू व्हायच्या होत्या, त्यामुळे एकच मावशी टोपलं मांडत होत्या. मी त्यांना चेहऱ्याने ओळखते, त्या मला सायकलवाली म्हणून. त्यांनी काकडीचे उभे चार काप केले, मधे तिखट-मीठ चोळलं आणि पुन्हा जुळवून हातात दिली. दुसऱ्या हातात काठी होतीच, समोरच्या कठड्यावर माकडांची टोळी आमच्याकडे बघत बसली होती.

“कारवी बघाया आलात ना?” त्या म्हणाल्या. “यंदा मध चांगला. आमच्या आजीच्या घराला भिंती कारवीच्याच होत्या. काड्यांचा कूड करायचा, वरून शेणमाती लिपायची. घर थंड.”

“आता?” भाचीने विचारलं.

“आता पत्रा,” एवढंच म्हणून त्यांनी माकडावर काठी उगारली.

बिबट्याचा विषय त्यांच्याकडे काढला तर त्या घाबरत नाहीत, हात जोडतात. वाघोबा त्यांचा देव. पाड्यांजवळ त्याची ठाणी आहेत. पार्क आणि भोवतालच्या परिसरात बिबटे पन्नासच्या आसपास आहेत, आणि एवढ्या दाट वस्तीच्या शेजारी एवढे बिबटे राहतात हे ऐकून परदेशी पाहुण्यांचे डोळे विस्फारतात. २०११ साली वनखात्याने अभ्यासक आणि नागरिकांना बरोबर घेऊन ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. कचरा उघड्यावर टाकू नका, कचऱ्यावर कुत्री वाढतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो, लहान मुलांना अंधारात एकटं सोडू नका, बिबट्या दिसला तर त्याला घेरू नका, अशा साध्या गोष्टी पाड्यापाड्यांत, वसाहतींत जाऊन सांगितल्या. उपयोग झाला. बावीस वर्षांत मला बिबट्या एकदाच दिसला, तोही पार्काबाहेर, आमच्या सोसायटीच्या मागच्या कुंपणावर, रात्री दीडला. सायकलचा माझा नियम पक्का आहे. सूर्य वर आल्यावरच चढ चढायचा आणि मावळायच्या बऱ्याच आधी फाटकाबाहेर पडायचं. पहाट आणि संध्याकाळ त्याची.

लेण्यांचं तिकीट वेगळं, पुरातत्त्व खात्याचं. सायकली कुलूप लावून ठेवल्या आणि पायऱ्या चढलो. कान्हेरीत शंभरहून जास्त लेणी आहेत, इसवी सनाच्या आधीच्या शतकापासून हजारएक वर्षं खोदत गेलेली. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह आणि त्याच्या ओसरीतले दोन उंच उभे बुद्ध सगळे बघतात, बघावेतच. मी मात्र भाचीला थेट पाण्याच्या टाक्यांकडे नेलं. इथे त्यांना पोढी म्हणतात. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दारात कातळात कोरलेलं टाकं आहे. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस वाहून जाऊ नये म्हणून बोटभर, वीतभर खोल पन्हळी कोरून तो टाक्यांकडे वळवला आहे. मी एका पन्हळीत बाटलीतलं थोडं पाणी ओतलं. ते उताराने संथपणे वाहत गेलं, कोपऱ्यावर अचूक वळलं आणि टाक्यात पडलं. ज्याने ती कोरली त्याने उतार किती नेमका धरला असेल!

टाकी कुणी दिली हे भिंतींवर लिहून ठेवलं आहे. कल्याणचा, सोपाऱ्याचा, चौलचा कुणी व्यापारी, कुणी सोनार, कुणी गृहस्थाची बायको, असे दात्यांचे उल्लेख इथल्या ब्राह्मी लेखांत येतात. दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरावर पाणी अडवणं हे पुण्याचं काम होतं. १८६० साली तेच नगराच्या गरजेचं काम झालं. डोंगर तोच आणि पाऊसही तोच.

माथ्यावर पोचलो तेव्हा धुकं विरलं होतं. समोर जवळ तुळशी, भोवती गच्च झाडं, पाण्याला एकही घर टेकलेलं नाही. दक्षिणेला विहार, मोठा, फाटे फुटलेला, मध्ये हिरवी बेटं. त्याच्या पलीकडे पवईचे मनोरे. आणि तिन्ही बाजूंनी शहर, रानाच्या काठापर्यंत येऊन थांबलेलं. भाची बराच वेळ पूर्वेकडे आपलं घर शोधत होती. मुलुंडच्या इमारती दिसल्या, तिची नेमकी कुठली ते कळेना. “आमच्या खिडकीतून हा डोंगर दिसतो,” ती म्हणाली, “पण डोंगराच्या आत एवढं पाणी आहे हे खिडकीतून कळत नाही.” थालीपीठं आम्ही तिथेच खाल्ली.

उतरताना एकही पायडल मारावं लागत नाही. हात ब्रेकवर, वळणावर घंटी, कारण चितळं आडवी येतात. त्या दिवशी चार आली. त्यांनी आमच्याकडे बघितलं, कान हलवले आणि सावकाश पलीकडे गेली. मोटार असती तर उधळली असती.

पुढच्या रविवारी भाचीला तिच्या घरी भेटायला गेले ती सायकलनेच, गोरेगावहून आरेतून. आरे दुग्ध वसाहत १९४९ साली उभी राहिली, मुंबईत ठिकठिकाणी विखुरलेले म्हशींचे गोठे शहराबाहेर आणण्यासाठी. १९५१ साली पंडित नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. अजूनही तिथे पत्ता युनिटच्या आकड्याने सांगतात. मुख्य रस्त्यावर वाहनं भरधाव असतात, सायकलस्वाराने तो टाळावा. आतले रस्ते सकाळी मोकळे असतात. गोठ्याचा वास, वैरणीचे भारे, कळंबाची आणि पांगाऱ्याची झाडं. २०१९ च्या ऑक्टोबरात मेट्रोच्या कारशेडसाठी इथे एका रात्रीतून झाडं पडायला लागली, दोन हजारांवर, तेव्हा शेकडो तरुण मुलं रात्री धावत आली आणि अनेकांना अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबरला थांबवलं तोवर बहुतेक झाडं पडली होती. मेट्रो आता सुरू झाली आहे, माझी शेजारीण तिनेच कामाला जाते, आणि मेट्रो हवीच होती हे मी मान्य करते. जागा दुसरी हवी होती हे माझं मत तेव्हाही होतं, आजही आहे. २०२१ साली आरेतली ८१२ एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली. त्या मुलांच्या धावण्याचं हे फळ मी मानते.

पवईला तलावाच्या काठी थांबले. जलपर्णी दाट होती. पवईचं पाणी फार लवकर पिण्यालायक उरलं नाही, त्यामुळे त्याच्याभोवतीचा पहाराही सुटला. काठाकाठाने काय उभं राहिलं ते समोर दिसतंच. याच तलावाच्या काठाने काही वर्षांपूर्वी सायकलमार्गाचं काम सुरू झालं होतं. काठावर पाण्यात दगड रचून त्यावरून सायकली धावणार होत्या. मगरींच्या वावराची जागा ती. तरुण विद्यार्थी न्यायालयात गेले, आणि मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे २०२२ रोजी ते बांधकाम बेकायदा ठरवून काढून टाकायला सांगितलं. सायकलप्रेमींच्या काही मंडळींना तेव्हा वाईट वाटलं. मी रोज सायकल चालवते आणि मला आनंद झाला. तलाव बुजवून केलेल्या वाटेवरून मला तलाव बघायचा नाही. सायकलला नवी जमीन लागत नाही. आहे त्या रस्त्यावरून मोटारी कमी केल्या की सायकलमार्ग तयार होतो. कान्हेरीची सडक हे त्याचं उदाहरण, तीही मोटारी नसतात तेवढ्याच वेळापुरती.

पवई ते मुलुंड हा टप्पा लिहिण्यासारखा नाही. धूर, हॉर्न, उड्डाणपुलाखालचे खड्डे.

मुलुंडला मात्र भाचीने मला तिच्या बाजूचा रस्ता दाखवला. तानसाची जलवाहिनी मुलुंडहून भांडुप, घाटकोपरवरून पुढे शहरात जाते. तिच्या दोन्ही बाजूंना झोपड्या उभ्या राहिल्या होत्या. उच्च न्यायालयाच्या आदेशाने दहा-दहा मीटर जागा मोकळी करायचं ठरलं आणि मोकळ्या जागेत पुन्हा अतिक्रमण होऊ नये म्हणून पालिकेने ३९ किलोमीटरांच्या सायकलमार्गाची योजना आखली. ती तुकड्यातुकड्याने झाली आहे, सलग अजून नाही. जिथे झाली आहे तिथे एका बाजूला माणसाहून उंच काळी जलवाहिनी आणि दुसऱ्या बाजूला भिंत, मध्ये आपण. मोटार नाही. सकाळी मुलं सायकल शिकत होती, एक आजी नातवाच्या सायकलची सीट मागून धरून धावत होत्या. इथली घरं ज्यांची हटली ती माणसं कुठे गेली, हा प्रश्न त्या वाटेवर मनात आल्याशिवाय राहत नाही. पण वाट झाली तर पुरी व्हायला हवी. मुलुंडच्या मुलाला घाटकोपरला कॉलेजला सायकलने, जीव मुठीत न धरता जाता यावं, एवढी साधी मागणी आहे. ३९ किलोमीटर सलग जोडा, ठिकठिकाणी दिवे लावा, आणि दुचाकी आत शिरणार नाहीत असे खांब रोवा.

पार्काच्या पोटातून आता दोन बोगदे व्हायचे आहेत, ठाणे-बोरिवली आणि गोरेगाव-मुलुंड. जुलै २०२४ मध्ये दोन्हींचं भूमिपूजन झालं. भाचीला आणि मला भेटायला तेव्हा वीस मिनिटं पुरतील म्हणे. माझं लक्ष मात्र त्या डोंगराच्या झऱ्यांकडे राहील. दहिसर नदीला त्या छोट्या पुलापाशी उन्हाळ्यात किती पाणी उरतं, ते मी दर मे महिन्यात जाऊन बघणार आहे. काठावरच्या एका दगडावर पाण्याची पातळी कुठवर आहे ते लक्षात ठेवलं आहे.

तुम्ही जाणार असाल तर सोमवार सोडून जा. सुट्टीचा दिवसही टाळा. ब्रेक घरीच तपासून घ्या, परतीचा उतार मोठा आहे. खाऊ पिशवीत बंद ठेवा, माकडांना काही देऊ नका, टोपलं घेऊन बसलेल्या मावशींकडून काकडी घ्या. तुळशीच्या फाटकापाशी थांबा, आणि तिथल्या पहारेकऱ्याकडे आत सोडण्याचा आग्रह धरू नका. आणि कारवी बघायची असेल तर आत्ताच लिहून ठेवा, पुढचा बहर २०३२ साली.